फेरबांधणी की फेरवाचन? : फुटबॉल-व्यवस्थापनाच्या खेळाचे कथनरूप

मराठी समीक्षेने खेळाकडे रूपक म्हणून पुष्कळ पाहिले आहे. रूप म्हणून मात्र फारसे पाहिलेले नाही. तुकारामांच्या गाथेत विटूदांडू, चेंडूफळी, हमामा, हुंबरी, फुगडी अशा खेळांवरील अभंगांचे गट आहेत. तेथे चेंडू आणि दांडू हे परमार्थ सांगण्याचे निमित्त होय. खेळाचे नियम कोणी घातले, ते नियम खेळणाऱ्याला कोणती गोष्ट रचू देतात आणि कोणती रचू देत नाहीत, हा प्रश्न त्या परंपरेला पडण्याचे कारण नव्हते. पाश्चात्त्य विचारात योहान हायझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात संस्कृती आणि क्रीडा यांचे नाते मांडले. तेथेही भर खेळण्याच्या वृत्तीवर आहे, एखाद्या विशिष्ट खेळाच्या रचनेवर नाही. एस्पेन आर्सेथ यांच्या ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथापासून मात्र चर्चेचा रोख बदलला. वाचकाने काही कष्ट घेतल्याखेरीज जी पुढे सरकतच नाही अशी संहिता साहित्यविचाराच्या कक्षेत आली, आणि संगणकावरील खेळांचाही त्या अंगाने विचार होऊ लागला.

प्रस्तुत लेखात अशाच एका खेळाचा, ‘फुटबॉल मॅनेजर’चा, विचार करावयाचा आहे. या खेळात खेळणारा चेंडूला पाय लावीत नाही. तो व्यवस्थापक असतो. संघ निवडणे, खेळाडू विकत घेणे आणि विकणे, सराव ठरवणे, डावपेच आखणे आणि सामना चालू असता बाहेर उभे राहून पाहणे एवढेच त्याच्या हाती असते. (या लेखात ‘खेळाडू’ म्हणजे पडद्यावरील फुटबॉलपटू आणि ‘व्यवस्थापक’ म्हणजे संगणकापुढे बसलेली व्यक्ती, असा भेद पाळला आहे.) संघ हरू लागला की व्यवस्थापकापुढे दोन वाटा असतात. माणसे बदलावीत, किंवा माणसे तीच ठेवून त्यांच्याकडे पाहण्याची पद्धत बदलावी. पहिलीला मी फेरबांधणी म्हणतो, दुसरीला फेरवाचन. खेळाची सारी सजावट पहिल्या वाटेकडे बोट दाखवते. त्याचे कथन म्हणून जे मोल आहे ते मात्र, माझ्या मते, दुसऱ्या वाटेवर आहे.

या खेळाची वंशावळ थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १९८२ मध्ये केव्हिन टॉम्स यांनी ‘फुटबॉल मॅनेजर’ याच नावाचा एक लहानसा खेळ घरगुती संगणकांसाठी केला होता. आज जो खेळ या नावाने ओळखला जातो त्याचा उगम निराळा आहे. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्रज भावांचा ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ १९९२ मध्ये आला. पुढे त्यांची ‘स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह’ ही संस्था आणि प्रकाशक यांची फारकत झाली. नाव प्रकाशकाकडे राहिले, खेळाचे यंत्र आणि खेळाडूंची माहिती कर्त्यांकडे राहिली. तेव्हा २००४ च्या अखेरीस कर्त्यांनी ‘फुटबॉल मॅनेजर २००५’ या नव्या नावाने तोच वारसा पुढे चालवला. संहिता एकाकडे आणि शीर्षक दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी ग्रंथव्यवहारातही अपरिचित नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला यातील पहिल्या दशकाचा टप्पा विशेष महत्त्वाचा वाटावा. २००३ पर्यंत या खेळात सामना दिसत नसे. तो वाचावा लागे. पडद्यावर एकेक ओळ उमटे: अमक्याने चेंडू पुढे दिला, तमक्याने बचावपटूला चकवले, फटका, गोलरक्षकाने अडवला. अशा ओळींचा साठा मर्यादित होता आणि त्याच ओळी शेकडो सामन्यांत पुन्हा पुन्हा येत. मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी मौखिक महाकाव्यांतील ठरीव पदबंधांविषयी जे सांगितले ते येथे आठवते. आपल्याकडे शाहीर लढाई गाताना ठरलेल्या शब्दसमूहांचा आधार घेतो. श्रोत्याला ते शब्द पाठ असतात आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्याच्या अंगावर काटा येतो. बाळ ज. पंडित यांचे आकाशवाणीवरील मराठी क्रिकेट-समालोचन ऐकत वाढलेल्या पिढीला हे समजावून सांगण्याची गरज नाही. न दिसणारा सामना शब्दांतून पाहण्याची सवय त्या पिढीच्या कानांना होती. २००३ मध्ये मैदान वरून दाखवणारे, ठिपक्यांचे चित्र आले आणि ‘फुटबॉल मॅनेजर २००९’ मध्ये त्रिमितीय आकृती आल्या. चित्र आल्यावर काही मिळाले, यात शंका नाही. डावपेच डोळ्यांना दिसू लागले. परंतु आकृत्यांच्या त्या बोजड हालचाली पाहताना एकेका ओळीत जी भीती आणि आशा होती ती आठवत राहते, असे जुने व्यवस्थापक सांगतात. मला त्यांचे म्हणणे पटते.

आता या खेळाच्या गाभ्याकडे वळू. प्रत्येक खेळाडू अंकांनी वर्णिलेला असतो. पळण्याचा वेग, उडी, चेंडू देण्याची अचूकता याचबरोबर धाडस, जिद्द, एकाग्रता, निर्णयक्षमता, संघभावना, दृष्टी अशा गुणांनाही एक ते वीसपर्यंत अंक दिलेले असतात. व्यक्तिचित्रणाची ही पद्धत प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. माणसाचे धाडस चौदा आणि दृष्टी नऊ, हे कोणी ठरवावे? तथापि आपल्या कादंबरीतील पुष्कळशी दुय्यम पात्रे याहून कमी तपशिलावर उभी असतात, हेही नाकारता येत नाही. खरी अडचण दृश्य अंकांत नाही, अदृश्य अंकांत आहे. खेळाडूच्या आजच्या कुवतीचा आणि तो कधी काळी गाठू शकेल अशा कमाल कुवतीचा असे दोन अंक, दोनशेच्या मापात, यंत्राच्या पोटात दडलेले असतात. दुसरा अंक डाव सुरू होताना एकदा ठरला की ठरला. सोळा वर्षांच्या मुलाला उत्तम प्रशिक्षक द्या, नियमित सामने द्या, तो त्या रेषेपलीकडे जात नाही. सटवाईने पाचव्या रात्री कपाळावर लिहिलेले वाचता येत नाही एवढाच काय तो दिलासा. येथे व्यवस्थापक पुरुषार्थ करीत असतो आणि यंत्र प्रारब्ध सांभाळत असते. दोघांची गाठ पडते ती शोधकांनी आणलेल्या अर्धवट अहवालात.

हे प्रारब्ध लिहिणारी माणसे खरी असतात, त्यामुळे ते चुकतेही. २००१-०२ च्या आवृत्तीत चेर्नो सांबा हा मिलवॉल क्लबमधील किशोर जगातील श्रेष्ठ आघाडीपटूंपैकी एक होत असे. प्रत्यक्षात त्याची कारकीर्द फार वर गेली नाही. आज तो आठवला जातो तो मुख्यतः या खेळामुळे. अंकांनी रचलेले चरित्र खऱ्या चरित्रापेक्षा अधिक काळ टिकल्याचे असे उदाहरण आधुनिक काळात विरळा.

माणूस अंकांत मांडला गेला की तो बदलता येतो. फेरबांधणीची कथा येथून सुरू होते. तिचा साचा ठरलेला आहे: वारशाने आलेला थकलेला संघ, पहिल्या उन्हाळ्यात दहा-बारा जणांना निरोप, स्वस्तात मिळालेले तरुण, एक अनुभवी कर्णधार, मग हळूहळू चढती कमान. व्यवस्थापक आपल्या डावाची हकिकत सांगतात ती बहुधा याच साच्यात. ही कथा वाईट नसते; पण ती यादीची कथा असते. कोण आला, कितीला आला, कोण गेला. बखरीत सरदारांच्या आणि पथकांच्या याद्या येतात तशा. यादी वाचताना आपण मोजतो, वाचत नाही.

डावपेच बदलण्याची गोष्ट निराळी आहे आणि तिची जाण मराठी वाचकाला कोणी बाहेरून द्यावी लागत नाही. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतावर आपल्या बखरकारांनी आणि इतिहासकारांनी जो खल केला आहे तो बराचसा याच प्रश्नाचा आहे. गनिमी काव्यात वाढलेल्या घोडदळाला भाऊसाहेबांनी इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याभोवती गोल बांधून लढायला सांगितले. गोलाची कल्पना चुकीची होती असे सर्वच अभ्यासक म्हणत नाहीत. परंतु काही पथकांनी गोलाची शिस्त मोडून पुढे धाव घेतली आणि गारद्यांच्या माऱ्याच्या आड आपलीच माणसे आली, ही हकिकत वारंवार सांगितली जाते. शस्त्रे होती, माणसे होती, योजनाही होती. योजनेची ओळख अंगात मुरलेली नव्हती. ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये नेमके यासाठी एक माप आहे. नवी रचना स्वीकारली की संघाची तिच्याशी असलेली ओळख किती, हे एका पट्टीवर दिसते. बदल केल्याबरोबर पट्टी खाली येते, आणि आठवडे-महिने सराव व सामने झाल्यावर भरते. मधल्या काळात खेळाडू चांगले असूनही संघ हरत राहतो. हा मधला काळ सोसण्याचे धैर्य व्यवस्थापकाकडे आहे का, हे पाहण्यासाठीच जणू ती पट्टी ठेवली आहे. खेळात मला सर्वाधिक कादंबरीमय वाटलेली गोष्ट हीच.

याचे एक उदाहरण तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल. अध्यासनाच्या कामानिमित्त दिल्लीत राहताना माझा मुक्काम मुनिरक्यात होता. मुनिरका हे मूळचे जाटांचे गाव. शेते गेली, गावठाण राहिले आणि घरे उभी वाढली. शेजारच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकणारे आणि स्पर्धापरीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी तेथील अरुंद गल्ल्यांमधल्या खोल्यांत भाड्याने राहतात. त्यांत ईशान्येकडील राज्यांतून आलेल्यांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी. माझ्या परिचयातील एक संशोधक विद्यार्थी कोल्हापूरचा, आणि त्याचा खोलीतील सोबती मिझोरामचा. कोल्हापूर आणि ऐझॉल या दोन्ही गावांना फुटबॉलचे वेड आहे, तेव्हा दोघांची मैत्री कशावर जुळली असेल हे सांगायला नको. हिवाळ्यातील रात्री दोघे मिळून ‘फुटबॉल मॅनेजर २०२४’ खेळत. आय-लीगमधील ऐझॉल एफसी हा क्लब त्यांनी घेतला होता. त्यांच्या डावाची नोंदवही कोल्हापूरच्या मुलाने मराठीत ठेवली होती. ती वाचण्याची आणि काही सामने पाहण्याची संधी मला मिळाली.

पहिल्या हंगामात त्यांनी फेरबांधणी केली. चौदा खेळाडू गेले, अकरा आले, बरेचसे उसने. चेंडू हातचा गेला की तेथल्या तेथे, प्रतिपक्षाच्या अर्ध्यात तुटून पडायचे, ही युरोपात प्रतिष्ठा पावलेली पद्धत त्यांनी निवडली. त्यासाठी दम लागतो, आणि बाजारात दम असलेला खेळाडू त्यांच्या तिजोरीला परवडत नव्हता. डिसेंबरपर्यंत संघ तळाशी. नोंदवहीतील या काळाची पाने म्हणजे नुसत्या नावांच्या आणि रकमांच्या याद्या आहेत. क्रियापदे जवळजवळ नाहीतच. मग पैसे संपले. नोंदवहीची भाषा बदलते ती येथे. विकत घेण्यासारखे काही उरले नाही म्हणून दोघांनी असलेल्या माणसांकडे पहिल्यांदा नीट पाहिले.

उजव्या कडेला खेळणारा एक जण होता. वेग सामान्य, त्यामुळे कडेवर तो सतत मागे पडे. प्रेक्षकांनी शिव्या द्याव्यात असा. परंतु त्याची दृष्टी आणि निर्णयक्षमता संघात सर्वांत अधिक होती. त्याला त्यांनी आत, बचावफळीच्या किंचित पुढे आणले. त्याला पळावे लागू नये म्हणून बचाव पाच जणांचा केला. पाच जणांचा बचाव खाली बसणार म्हणून आघाडीला उंच माणसाऐवजी मोकळ्या जागेत धावणारा हवा. तो राखीव संघात पडून होता. एका माणसाचा अर्थ बदलला आणि त्याच्या ओढीने साऱ्या संघाचा अन्वय बदलला. वाक्यातील एक शब्द हलवल्यावर विभक्ती-प्रत्ययांपासून क्रियापदापर्यंत सारे सावरून घ्यावे लागते, तशातला हा प्रकार. लगेच विजय मिळाले असे नाही. पुढचे पाच सामने ते जिंकले नाहीत आणि मिझो मुलगा जुन्या रचनेकडे परतावे म्हणून हट्ट धरून बसला होता. वहीत त्या आठवड्याच्या पानावर भांडणाचा वृत्तान्त आहे, सामन्यांचा फार थोडा. हंगामाअखेर संघ सहावा आला. दुसऱ्या हंगामात, एकही मोठी खरेदी न करता, तिसरा.

क्रमांकाचे महत्त्व माझ्या दृष्टीने बेताचे आहे. लक्षात घ्यावयाची बाब ही, की अंक एकही बदलला नव्हता. त्या खेळाडूची दृष्टी पहिल्या दिवशीही तेवढीच होती. कडेवर ती निरुपयोगी होती, मध्यभागी ती संघाचा आधार ठरली. म्हणजे या खेळात गुण हा पदार्थ नाही, तो संबंध आहे. जागेनुसार त्याला अर्थ येतो. अंक पाहून नाक मुरडणाऱ्या समीक्षकाने हे ध्यानात घ्यावे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘फुटबॉल मॅनेजर २६’ ने ही बाब रचनेतच आणली आहे: चेंडू आपल्याकडे असतानाची मांडणी एक आणि नसतानाची दुसरी. एकच खेळाडू एका सामन्यात दोन वाक्यांत दोन अर्थांनी येतो. त्या आधीची २०२५ ची आवृत्ती कर्त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्दच केली होती. नव्या यंत्रावर जुना खेळ उतरवणे त्यांनाही जड गेले, हे पाहून पट्टी खाली येण्याचा नियम कर्त्यांनाही लागू आहे असे म्हणावेसे वाटते.

त्या दोघांनी ऐझॉल हा क्लब घेण्यामागे केवळ गावाचे प्रेम नव्हते. फेरवाचनाचे भारतीय फुटबॉलमधील सर्वांत ठळक उदाहरण त्याच क्लबचे आहे, आणि त्याचे दुसरे टोक मुंबईत आहे. खलिद जमील २००९ पासून २०१६ पर्यंत मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. क्लबची ऐपत मोठी नव्हती. जमील यांचा संघ दाटीने बचाव करी, थोडे गोल करी, थोडे खाई आणि दर वर्षी पदावनती टाळी. या खेळाला कंटाळवाणा म्हणणारे पुष्कळ होते. २०१६ मध्ये जमील आणि क्लब वेगळे झाले आणि जमील ऐझॉलला गेले. ऐझॉल एफसी तेव्हा आय-लीगमधून खाली ढकलला गेलेला क्लब होता. गोव्यातील क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा प्रवेश मिळाला होता. जमील यांच्याबरोबर मुंबई एफसीत खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता ऐझॉलला आले. सीरियाचा महमूद अल-अमना मध्यभागी आला. बाकी बहुतेक स्थानिक मिझो तरुण. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये बरोबरी साधून ऐझॉलने आय-लीग जिंकली. गुण ३७, मोहन बागानचे ३६. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून पदावनत झाला.

या घटनेकडे चमत्कार म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. मला ती मान्य नाही. जमील यांची पद्धत ऐझॉलमध्ये फारशी बदलली नव्हती. बदलले होते ते तिचे वाचन. मुंबईत दाटीचा बचाव ही टिकून राहण्याची युक्ती होती. मिझो तरुणांचा वेग तिला जोडला गेला आणि तीच युक्ती आक्रमणाचे पहिले पाऊल झाली. चेंडू परत मिळाल्यावर पुढची धाव घेणारे पाय मिळाले. मुंबईच्या संघात जे पूर्णविराम होते ते येथे स्वल्पविराम झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्या आधीचा दीर्घ काळ हे पद परदेशी प्रशिक्षकांकडेच होते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मुंबई सिटी एफसीचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने या क्लबमधील ६५ टक्के हिस्सा घेतला. पुढच्या वर्षी एफसी गोवाचे माजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आले आणि त्यांच्यामागोमाग गोव्यातून मोर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमू, मंदार राव देसाई हेही आले. २०२०-२१ च्या हंगामात संघाने साखळीतील अग्रस्थान आणि अंतिम विजेतेपद दोन्ही मिळवली. १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने निर्णायक गोल केला. खेळ सुंदर होता, हे कोणीही मान्य करील. तथापि लोबेरांनी मुंबईच्या संघाचे नवे वाचन केले असे म्हणता येत नाही. त्यांनी वाचून झालेली संहिताच, वाचकांसकट, गोव्याहून उचलून आणली. पैसा असला की हे करता येते, आणि व्यवस्थापनाचा खेळ हेच करायला शिकवतो.

येथे या खेळाच्या कथनरूपाची मर्यादा स्पष्ट होते. ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये व्यवस्थापकाला काढून टाकले जाते, क्लब कर्जात बुडतो, खालच्या श्रेणीत जातो, परंतु काळ थांबत नाही. पडद्याच्या कोपऱ्यातील ‘पुढे चला’चे बटण दाबले की उद्याचा दिवस उगवतो, उन्हाळा संपला की नवा हंगाम येतो. हा विश्वास इंग्लंडमधील शतकाहून जुन्या साखळीस्पर्धेच्या अनुभवातून आलेला आहे. महाराष्ट्राचा अनुभव निराळा आहे. महिंद्रा युनायटेडने डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो क्लब बंद करण्यात आला. परेरा पुढे पुणे एफसीत गेले. २०१२-१३ मध्ये तो संघ आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि २०१५ मध्ये लीगमधून बाहेर पडला. त्याच सुमारास भारत एफसी एका हंगामानंतर संपला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये जन्मला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादला गेली. मुंबई एफसी पदावनतीनंतर उरला नाही. यांपैकी कोणत्याही संघाला फेरबांधणीची वा फेरवाचनाची पाळी येण्याआधीच पुस्तक मिटले. २०२५-२६ मध्ये तर साऱ्या इंडियन सुपर लीगचे बटण अडकले. व्यापारी हक्कांच्या कराराचा तिढा सुटेना म्हणून हंगाम वेळेवर सुरू झाला नाही, काही क्लबांनी पहिल्या संघाचे काम थांबवले, डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतील आपला हिस्सा सोडला. अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये आखूड स्वरूपात स्पर्धा सुरू झाली. मैदानावर चेंडू नसलेल्या त्या महिन्यांत मुनिरक्यातील खोलीत मात्र ऐझॉलचा हंगाम बिनचूक सुरू होता. कल्पित सृष्टी वास्तवापेक्षा अधिक नियमित असावी, ही गोष्ट वाचकाला हसवील किंवा खिन्न करील. मला ती या खेळावरील टीका न वाटता आपल्या व्यवस्थेवरील टीका वाटते.

कोल्हापूरचे उदाहरण आणखी तिसऱ्या प्रकारचे आहे, आणि ते या खेळाच्या चौकटीत बसतच नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही संघांची नावे तालमींची आहेत. शाहू स्टेडियमवर उतरणारा संघ पेठेचा असतो. बाहेरचे, क्वचित परदेशी, खेळाडू आणण्याची चाल तेथेही पडली आहे आणि खेळाडू एका तालमीतून दुसरीत जातातही; पण गल्लीतला प्रेक्षक ते सहजासहजी विसरत नाही. संघ हरला म्हणून पेठ बदलता येत नाही. कोल्हापूरच्या मुलाने मला सांगितले की खेळाडूंच्या सगळ्या अंकांत त्याला एक रकाना नेहमी कमी वाटतो: हा कोणत्या गल्लीतला. निष्ठेचा अंक खेळात आहे, तोही अदृश्य. परंतु तो क्लबविषयीच्या वृत्तीचा आहे, गल्लीचा नव्हे.

त्या रकान्याची गोष्ट निघाली तेव्हा बोलणे साहजिकच विद्यापीठाकडे वळले. मुनिरक्यातील प्रत्येक खोलीत कोणी ना कोणी अंकांची वाट पाहत असते. शेजारच्या विद्यापीठात एके काळी मागास जिल्ह्यांतून येणाऱ्या उमेदवारांना प्रवेशासाठी काही अधिक गुण मिळत. माणूस कोठून आला हे मोजणारा तो रकाना होता, त्यातील जिल्ह्यांच्या वर्गवारीविषयी मतभेद असले तरी. २०१७ साली संशोधनप्रवेशांतून तो वगळला गेला. अंकांनी माणूस मोजू नये, असे सांगणे सोपे आहे. दोन्ही मुलांचे मत मात्र निराळे होते. अंक असावेत, पण कशाशेजारी कोणता अंक ठेवायचा हे ठरवताना त्यांना कोणी विचारावे, एवढेच त्यांचे म्हणणे. समीक्षकालाही याहून अधिक काही मागता येईल असे वाटत नाही.

डाव दीर्घ चालला की या खेळात एक विलक्षण गोष्ट घडते. खरे खेळाडू एकेक करून निवृत्त होतात आणि दर वर्षी क्लबच्या युवाशाखेत यंत्राने घडवलेली मुले येतात. पुष्कळ हंगामांनंतर जगात एकही खरा फुटबॉलपटू उरत नाही. आरंभी ज्याला माहितीकोश म्हणता आले असते ती संहिता शेवटी निखळ कल्पित होते, आणि ही सीमा कोणत्या पानावर ओलांडली हे सांगता येत नाही. नोंदवहीतील शेवटचे हंगाम मी पाहिले तेव्हा ऐझॉलचा गोलरक्षक असाच एक घडवलेला मुलगा होता. त्याचे नाव एका प्रदेशाचे आणि आडनाव दुसऱ्याच प्रदेशाचे, नावांच्या साठ्यातून जुळवलेले. उंची उत्तम, एकाग्रता सात. मिझो मुलाच्या मते असे नाव कोणाचे असूच शकत नाही. मग दोघांनी मिळून त्याला चरित्र दिले: आई लुंगलेईची, वडील नोकरीनिमित्त तिकडे गेलेले गडहिंग्लजचे. गडहिंग्लज फुटबॉलचे गाव आहे, म्हणून. एकाग्रता कमी का, याचेही कारण वहीत लिहिले आहे: त्याला दोन भाषांतून हाका मारल्या जातात आणि नेमकी कोणती ऐकायची हे अजून त्याचे ठरलेले नाही. पुढच्या पानावर पाच जणांचा बचाव मोडून चौघांचा करावा की काय यावर वाद आहे, आणि चौघांमागे हा गोलरक्षक चालेल का, यावर अद्याप एकमत झालेले नाही.